मोठ्यांनी फक्त धरायचं

आमच्या गॅरेजमध्ये दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी संपत नाहीत. एक भुसा आणि दुसरे किस्से. भुसा निदान दिसतो तरी. तो पडद्यांत जातो, पंख्याच्या पात्यांवर बसतो, आणि एकदा तर वरणात सापडला. नवऱ्यानं तो जिरं समजून खाल्ला, वर "आज फोडणी मस्त जमली" असंही म्हणाला! किस्से मात्र दिसत नाहीत. ते कोपऱ्याकोपऱ्यात साठत राहतात आणि चार माणसं जमून चहा समोर आला की आपोआप बाहेर पडतात.

आमचं घर नागपुरात, प्रताप नगरात. मी शाळेत कार्यानुभव शिकवायचे. कागदाची फुलं आणि आइस्क्रीमच्या काड्यांची घरं करून करून कंटाळले, तेव्हा नोकरी सोडली, गॅरेजमधली स्कूटर बाहेर काढली आणि मुलांसाठी रविवारचा सुतारकामाचा वर्ग सुरू केला. लाकडाचं कसं, असं सगळे विचारतात. लकडगंजमध्ये आरा-मशीनवर कापून उरलेले तुकडे पोत्यानं मिळतात. ते आणायचे, बाकं मांडायची, की झाला वर्ग सुरू.

एका मुलाबरोबर घरातलं एक मोठं माणूस यायलाच पाहिजे, ही अट. कारण करवत चालवताना फळी हलून उपयोग नाही, ती कोणीतरी घट्ट धरावी लागते. भिंतीवर मी ठळक अक्षरांत लिहून ठेवलंय, "मुलांनी करायचं. मोठ्यांनी फक्त धरायचं."

मुलांना हा नियम एका वाक्यात समजतो. मोठ्यांना अजून समजलेला नाही!

*

पहिल्या रविवारी हा नियम नव्हता. किल्ल्या अडकवायची पाटी करायची होती. एक फळी, थोडे हुक, झालं. मी आत चहा टाकायला गेले आणि परत येऊन बघते तर सगळे बाप लोक घामाघूम! कोणी जीभ बाहेर काढून रेघ मारतोय, कोणी दुसऱ्याच्या हातातली करवत मागतोय. एक डेंटिस्ट होते, रामदासपेठेत दवाखाना असलेले. त्यांच्या हातात ड्रिल आल्यावर चेहराच बदलला. फळीवर वाकले आणि सवयीनं तिला म्हणाले, "दुखलं तर हात वर करा हं!"

आणि मुलं? मुलं बाहेर फाटकावर बसून मुरमुरे खात होती.

थोड्या वेळानं डेंटिस्टांचा मुलगा माझ्याकडे आला. वय सात, दात पडलेले. मला म्हणाला, "काकू, पप्पाले आनखी लय वेळ लागन का?"

मी म्हटलं, "लागेल बाबा. रंगात आलेत ते."

तो म्हणाला, "मग मी घरी जातो. पप्पाचं झालं की तुमी पाठवून द्या त्यायले!"

त्याच दिवशी मी भिंतीवर नियम लिहिला.

*

दुसरा त्रास मापांचा. आपल्या टेपला दोन काठ असतात. एका काठावर इंच आणि दुसऱ्यावर सेंटिमीटर. मोठ्यांचं आयुष्य इंच-फुटांत गेलेलं, मुलं शाळेत सेंटिमीटर शिकतात. दोघं एकाच टेपकडे बघतात आणि दोघांना वेगवेगळं जग दिसतं.

चिमणीसाठी घरटं करत होतो. एक बाप-लेकीची जोडी होती. बाप सिव्हिल इंजिनीअर, शहरात कुठल्याशा फ्लायओव्हरच्या कामावर. हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून झालेलं. ते टेप धरून ऐटीत म्हणाले, "सहा!" लेकीनं तिच्या काठावरचे सहा बघून खूण केली आणि कापलं. त्या दिवशी तिची आईही आली होती, पुढची भिंत तिनं धरली. आईनं नीट इंच दाखवले, ती भिंत सहा इंच निघाली. मग पुन्हा बाप, पुन्हा "सहा!" आणि शेवटची भिंत पुन्हा आईनं.

घरटं जोडायला घेतलं तेव्हा दोन भिंती वीतभर आणि दोन काडेपेटीएवढ्या! छप्पर ठेवलं की घसरून खाली. इंजिनीअर साहेब गंभीर चेहऱ्यानं चष्मा पुसत म्हणाले, "डिझाइनमध्ये काहीतरी प्रॉब्लेम आहे."

शेजारच्या बाकावर एका मुलाची आई होती. ती सगळं बघत होती. तिनं शांतपणे विचारलं, "भाऊ, तुमचा तो फ्लायओव्हर कोन्त्या रस्त्यावर आहे, एकदा सांगून ठेवा जी. आमी दुसरीकडून जाऊ!"

*

आता गार्गी आणि आबाजींबद्दल सांगायलाच हवं, कारण त्यांच्याशिवाय आमचा वर्ग म्हणजे तर्रीशिवाय पोहे.

गार्गी भोयर नऊ वर्षांची. आबाजी म्हणजे तिचे आजोबा. आमच्याकडे आजोबांना आबाजीच म्हणतात. आईबाप दोघं नोकरीवाले, रविवारी त्यांना झोप काढायची असते, म्हणून गार्गीला आबाजी आणतात. आबाजी सरकारी नोकरीत होते आणि जन्मभर दुसऱ्यांच्या कामावर देखरेख केली. निवृत्त झाले, पण देखरेख निवृत्त झाली नाही.

स्वभावानं लोणी. पण गार्गीनं करवत उचलली की त्यांच्या हातांना मुंग्या यायच्या. "थांब माय, एवढं सरळ करून देतो," म्हणत ते फळी घ्यायचे, आणि एवढं म्हणता म्हणता सगळं करून मोकळे व्हायचे! पेनस्टँड आबाजींनी केला. मोबाइल ठेवायचा स्टँड आबाजींनी केला. गार्गीचं काम एकच, घरी नेणं.

मागच्या वर्षी तान्हा पोळ्याला या गोष्टीनं टोक गाठलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात मुलांचा पोळा असतो. मोठ्यांचे बैल खरे, मुलांचे लाकडी. चाकांवरचे नंदी सजवायचे, झूल घालायची, दोरी धरून मिरवायचे, घरोघरी न्यायचे आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळवायचे. कॉलनीत स्पर्धा असते. त्यात एक बक्षीस स्वतः बनवलेल्या नंदीला.

गार्गीचा नंदी सागवानाचा, देखणा, शिंगं अशी की बघत राहावं. अर्थात आबाजींनी केलेला! तिला बक्षीस जाहीर झालं. पोरगी वर गेली, बक्षीस घेतलं, तशीच खाली उतरली आणि सगळ्यांसमोर ते आबाजींच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "हे घ्या. तुमचं आहे."

लोक हसले. आबाजीही हसले, त्यांना वाटलं नात लाडात आली. मला मात्र तिचा चेहरा दिसला होता.

पुढच्या रविवारी ती लवकर आली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "काकू, पुढच्या पोळ्याले मले माहा नंदी बनवाचा आहे. पूर्ण माहा. आबाजीचं बोटसुद्धा नाही लागलं पाहिजे."

मी म्हटलं, "मग त्यांना सांग ना तसं."

"कसं सांगू? त्यायले वाईट वाटन ना!"

आठ-नऊ वर्षांच्या पोरीचं हे कोडं.  मी ठरवलं, काही झालं तरी या पोरीचा नंदी या पोरीच्याच हातून झाला पाहिजे.

*

म्हणून मी आबाजींना बाकापासून लांब, दाराशी खुर्ची दिली. म्हटलं, "आबाजी, तुम्ही आमचे ज्येष्ठ. इथं बसून फक्त लक्ष ठेवा." फळी धरायला गार्गीजवळ मी स्वतः उभी राहिले.

आबाजी खूश. लक्ष ठेवणं हा त्यांचा जन्मभराचा धंदा. हात नाहीत म्हणून काय झालं, घसा होताच की! गार्गीची करवत डावीकडे सरकली की ते खोकायचे. एकदा खोकले की डावीकडे गेलं, दोनदा खोकले की उजवीकडे गेलं. खर्जातला खोकला म्हणजे आता थांब! मला आठवडे लागले हे ओळखायला. मुलांना एका दिवसात कळलं. हळूहळू सगळा वर्गच आबाजींच्या खोकल्यावर करवत चालवायला लागला.

मग थंडी आली, हवा बदलली आणि एका रविवारी आबाजींना खरंच खोकला झाला.

त्या दिवशी गॅरेजमध्ये जे झालं ते काय सांगू! ढास लागली की थांबेना. पोट्टे बिचारे डावीकडे, उजवीकडे, थांब, डावीकडे, थांब! एकाची पट्टी नागमोडी, एकाच्या फोटोफ्रेमचा कोपराच गायब. शेवटी एक छोटा मुलगा करवत खाली ठेवून रडकुंडीला आला आणि ओरडला, "आबाजी, एकच काहीतरी फायनल सांगा ना!"

*

दसऱ्याचा किस्सा तसा आधीचा, पण आत्ता आठवला. खंडेनवमीला आम्ही हत्यारांची पूजा करतो. करवती, हातोड्या, गुण्या, सगळं धुऊन पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू, फूल, पेढा. मी मुलांना सांगितलं की ज्यानं आपण काम करतो ते आज पुजायचं, आणि पुजलेलं दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायचं नाही.

हे वाक्य मी बोलायला नको होतं!

मुलं घरी पळाली आणि परत आली ती दप्तरं घेऊन. गणिताच्या वह्या, इंग्लिशची पुस्तकं, कंपास, एकानं तर ट्यूशनच्या झेरॉक्सचा गठ्ठा आणला. सगळं पाटावर. वर भरपूर हळदकुंकू. कोणाची भक्ती एवढी उतू जाताना मी पाहिली नाही.

संध्याकाळी एक आई धावत आली. "मॅडम, आमच्या सोहमचं सायन्सचं पुस्तक इथं आहे का? परवा टेस्ट आहे त्याची!"

मागोमाग सोहम. हात जोडून, डोळे अर्धे मिटून म्हणाला, "मम्मी, देवासमोरचं उचलत नाही."

बाई बिचारी पेचात. आमच्याकडचं देवाधर्माचं माणूस ते. पुस्तकाकडे बघते, फुलाकडे बघते, लेकाकडे बघते. शेवटी तिनं पदर डोक्यावर घेतला, पुस्तकावर अक्षता टाकल्या आणि देवाला म्हणाली, "देवा, माफ कर जी. पुस्तक घेऊन जातो. तुलेच पास करा लागते याले, म्हनून अभ्यास करून घेतो!"

सोहमचा चेहरा पाहण्यासारखा होता.

*

मुलं घरी नेतात त्या वस्तूंचं पुढे काय होतं, हा वेगळाच विषय. अथर्व नावाच्या मुलानं आईसाठी पोळपाट केला. गोल कापायला जड जातं, पण पोरानं हट्टानं कापला. पॉलिश पेपर घासून घासून गुळगुळीत केला. फक्त खालचे तीन पाय तिघं तीन गावचे निघाले. त्यावर पोळी लाटली की एका बाजूनं जाड आणि दुसऱ्या बाजूनं पापड.

मी म्हटलं, "अथर्व, आण परत, पाय सारखे करून देऊ."

पुढच्या रविवारी अथर्वऐवजी त्याची आईच आली. हात जोडून म्हणाली, "मॅडम, पोळपाटाले हात नका लावू!"

"का हो?"

"लग्न झाल्यापासून सासूबाई माह्या पोळ्यायले नावं ठेवतात. आता काही म्हनाले गेल्या की मी म्हनतो, तुमच्या नातवानं बनवला आहे पोळपाट. गपचूप दोन पोळ्या जास्त खातात!"

*

उन्हाळी सुट्टीत आम्ही रोज सकाळी वर्ग घेतो. मे महिन्यातलं नागपूर तुम्हाला सांगायला नको. कुलर सुरू असतो, तोही गरम हवाच फेकतो. या उन्हात रंग लावता लावता वाळतो आणि गोंदाला तर श्वास घ्यायलाही वेळ मिळत नाही.

आरुष नावाचा दुसरीतला मुलगा छोटं स्टूल करत होता. बरोबर मामा. मामा मुंबईहून सुट्टीला आलेले, उकाड्यानं अर्धमेले. मामांना सांगितलं होतं की स्टूल उलटं ठेवून पाय चिकटवा आणि धरून ठेवा. आरुषनं गोंद लावला, सढळ हातानं. मामांनी धरलं. धरता धरता कुलरसमोर त्यांचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा पाय घट्ट बसले होते. स्टूलही घट्ट बसलं होतं. माझ्या बाकाला! गोंद ओघळून फळी बाकाला चिकटली होती. मामांनी ओढलं, मी ओढलं, पटाशीनं टोकरून पाहिलं. बाक हललं पण स्टूल हललं नाही.

मला वाटलं आता पोरगा रडणार. आरुषनं चहूबाजूंनी फिरून पाहणी केली आणि मोठ्या मनानं म्हणाला, "राहू द्या काकू. तुमाले गिफ्ट!"

ते अजून तिथंच आहे, पाय वर करून. चार पायांच्या मध्ये मी खिळ्यांचे डबे ठेवते.

*

आणि मग आला यंदाचा तान्हा पोळा.

श्रावण लागला तशी गार्गी नंदीच्या मागे लागली. यावेळी मी सरळ आबाजींशी बोलले. खुर्ची, खोकला, हे किती दिवस चालणार! म्हटलं, "आबाजी, नातीला तिचा नंदी तिच्या हातानं करायचाय. तुम्ही फळी धरा. बाकी काही नाही."

आबाजी आपल्या हातांकडे बघायला लागले. मला वाटलं, लागलं यांना. मग हळूच म्हणाले, "मॅडम, मले समजते हो. पण तिचं वाकडं होताना पाहिलं की हातच आयकत नाहीत ना जी माहे!"

पण माणूस शब्दाला पक्का. रविवारी आले आणि फळी धरली. गार्गीनं फळीवर नंदीचं चित्र काढलं, आबाजींनी ती धरली. मान फार आखूड काढली होती. आबाजींनी ओठ आवळले. ती कापायला लागली, करवत रेघ सोडून गेली. आबाजींनी डोळेच मिटून घेतले. भुसा साचून रेघ दिसेना, तेव्हा त्यांनी नकळत फुंकर मारली.

गार्गी थांबली. "आबाजी! फुंकरपन नाही!"

"बरं माय, चुकलं."

असं तीन-चार रविवार चाललं. मी खूप वर्षं मुलांना शिकवतेय, पण एवढा अवघड अभ्यास करताना मी कोणाला पाहिलं नाही, आणि तो गार्गी करत नव्हती.

नंदी झाला. आता खरं सांगायचं तर तो काही नंदी दिसत नव्हता. मान नाहीच. एक शिंग आकाशाकडे, दुसरं खाली, तान्हा पोळ्याला रस्त्यानं निघते त्या मारबतीच्या मिरवणुकीकडे. पाठीला वशिंड असतं बैलाला, हे तिला माहीत होतं, म्हणून तिनं ते दणदणीत केलं होतं. चाकं चारही वेगळी. चालवला की तो लचकत, मान नसल्यामुळे अख्खाच डोलत यायचा. गार्गीनं त्याला पांढरा रंग दिला, आईच्या जुन्या ब्लाउजची जरीची झूल शिवली, गळा नव्हता म्हणून घुंगरू वशिंडाला बांधले. आणि त्याच्याकडे अशी बघत बसली की मला तिचा हेवा वाटला.

तान्हा पोळ्याच्या संध्याकाळी कॉलनीचं मैदान भरलं. पोट्टे धोतर-फेट्यात, पोरी नऊवारीत. नंदी रांगेत लावलेले. बाजारातून आणलेले, पॉलिश मारलेले, काळेभोर डोळे रंगवलेले, काही तर पोरांपेक्षा उंच. त्या रांगेत मध्येच आमच्या गार्गीचा.

आमच्या कॉलनीचे अध्यक्ष धोटे काका परीक्षक. माणूस चांगला, पण हातात माईक आला की आवरत नाही. एकेका नंदीपाशी थांबून बोलत बोलत ते गार्गीपाशी आले आणि थबकले. तेवढ्यात मागून कोणतरी कारटं ओरडलं, "अबे, हे तर बकरी आहे!"

झालं. मैदान हसायला लागलं. एक जण म्हणाला, "बकरी नाही गा, उंट आहे तो!" अजून हसू. धोटे काकांनाही हसू आवरेना. वाईट मनानं नाही, पण माईक सुरू होता आणि हसणं सगळीकडे घुमत होतं. त्यांनी विचारलं, "कोनं बनवला बापा हा?"

गार्गीची मान खाली. दोरी मुठीत अशी आवळली होती की बोटं पांढरी पडली. वर्षभर ज्या प्रश्नाची वाट बघितली तो प्रश्न समोर होता, आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. मी गर्दीतून पुढे जायला लागले.

माझ्याआधी आबाजी पोहोचले. खुर्चीतून उठून, काठी न घेता, तरातरा. नातीच्या पुढे उभे राहिले आणि धोटे काकांना म्हणाले, "मी बनवला."

हसणारे एकमेकांकडे बघायला लागले.

"मीच बनवला," आबाजी म्हणाले. "आता पयलेसारखं दिसत नाही मले. हातबी हालतात. म्हनून असा झाला. पोरीले काहून हासता? मले हासा."

 मला आबाजींचे पाय धरावेसे वाटले आणि त्याच वेळी त्यांना ओरडावंसंही वाटलं. वर्षभराची मेहनत त्या माणसानं मायेनं एका वाक्यात पाण्यात घातली होती!

लोकांचं हसू थांबलं. धोटे काका ओशाळले. "नाही जी, तसं नाही, छान आहे," असं काहीतरी पुटपुटत ते पुढच्या नंदीकडे वळायला लागले.

आणि गार्गीनं माईक धरला. हिसकावलाच म्हणा ना.

"खोटं बोलून राहिले आबाजी!"

आवाज मैदानाच्या पार टोकाला गेला. पलीकडच्या बिल्डिंगच्या गॅलरीत लोक आले.

"मी बनवला हा! मान मी कापली, शिंगं मी लावले, चाकंबी माहेच आहेत! विचारा काकूले!"

मी लांबूनच जोरजोरात मान हलवली. धोटे काका वाकले. आता त्यांचा आवाज एकदम वेगळा होता. "हो का माय? मग आबाजीनं काय केलं?"

गार्गीनं आबाजींकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी, आणि चेहरा असा फुललेला, की तसा मी वर्षभरात पाहिला नव्हता. मग माईकमध्ये, जमेल तेवढ्या मोठ्यानं म्हणाली,

"आबाजीनं काहीच नाही केलं!"

टाळ्या वाजल्या, शिट्ट्या वाजल्या. बकरी म्हणणारं कारटंच सगळ्यात जोरात ओरडत होतं. आबाजी आधी नातीकडे बघत राहिले, मग आजूबाजूला. मग शेजारच्या अनोळखी माणसाचा दंड धरून त्याला गदागदा हलवत म्हणाले, "आयकलं का भाऊ? काहीच नाही केलं मी!"

बक्षीस कोणाला मिळालं, ते मला आता आठवत नाही. त्या रात्री बोजारा घ्यायला मुलं आमच्याही घरी आली. सगळ्यात शेवटी घुंगरू वाजले. लचकत, डोलत नंदी आला, मागे दोरी धरून गार्गी आणि तिच्या मागे आबाजी. मी पेढे घेऊन दारात आले आणि तोंड उघडणार, तेवढ्यात आबाजीच पुढे होऊन, छाती काढून म्हणाले,

"मॅडम, मी काहीच नाही केलं बरं!"